परक्यांस उघडें, घरच्यांस बंद

या सदरांत मुलांचा अभ्यास, घरखर्च, वृद्धांची प्रकृति अशाच विषयांवर लिहिण्याचा माझा परिपाठ आहे. यंत्रांविषयीं लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. या महिन्यांत मात्र आमच्याच घरांत घडलेली एक गोष्ट वाचकांपुढें ठेवणें मला कर्तव्य वाटतें. ती सांगण्यास थोरल्या काकांची संमति आहे. 'लिही; निदान दुसऱ्या कोणाचा काका वांचेल,' असें त्यांनींच मला सांगितलें.

आमचें कुटुंब सदाशिव पेठेंत राहतें. जुना वाडा पाडून तेथें इमारत उभी राहिली, तेव्हां दोघां भावांनीं एकाच मजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन जागा घेऊन मधली भिंत काढून टाकली. त्यामुळें आजहि स्वयंपाक एक, देव एक आणि रात्रीची पंगत एक. लहानमोठीं मिळून नऊ माणसें या घरांत आहेत. काकांचें वय ७६ वर्षांचें. चौतीस वर्षें त्यांनीं महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें. प्रमाण मागितल्यावांचून कोणतेंहि विधान मान्य करूं नये, हें त्यांनीं शेंकडों विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविलें, आणि आम्हां घरच्या मुलांच्याहि.

गेल्या पावसाळ्यांत एका सोमवारीं सकाळीं त्यांना एक फोन आला. त्यांच्या आधार क्रमांकावर परदेशीं पाठविलेलें एक पार्सल पकडलें गेलें असून त्यांत अंमली पदार्थ सांपडले आहेत, असें पलीकडच्या माणसानें सांगितलें. मग व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशांतला एक मनुष्य दिसूं लागला. त्याच्या पाठीमागें भिंतीवर राजमुद्रा होती. थोड्या वेळानें न्यायाधीश म्हणविणारा दुसरा एक आला. या लोकांना काकांचें पूर्ण नांव, आधारचे शेवटचे आंकडे, निवृत्तिवेतन कोणत्या बँकेंत जमा होतें आणि माझा चुलतभाऊ कोणत्या देशांत नोकरीस आहे, हें सारें ठाऊक होतें. 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे,' असें त्यांनीं सांगितलें. कॅमेरा बंद करावयाचा नाहीं, खोली सोडावयाची नाहीं, पैसे तपासणीसाठीं सरकारी खात्यांत ठेवावयाचे, आणि घरांत कोणाला एक अक्षर बोलावयाचें नाहीं. ज्याला सांगाल तोहि आरोपी होईल, अशी ताकीद दिली.

तीन दिवस काका आपल्या खोलींत होते. अंगांत कणकण आहे असें त्यांनीं काकूंना सांगितलें आणि ताट आंत मागविलें. मंगळवारीं ते एकटेच बँकेंत जाऊन आले. तेथील बाईंनीं मुदतीची ठेव मोडण्याचें कारण विचारलें, तेव्हां पढविल्याप्रमाणें 'मुलासाठीं जागा घ्यावयाची आहे' असें उत्तर त्यांनीं दिलें. भिंतीपलीकडे आम्ही आठ माणसें जेवत होतों, हंसत होतों, दूरदर्शनवरील बातम्या ऐकत होतों. आणि आमच्या घरांतला सर्वांत वडील पुरुष एका परक्याच्या पहाऱ्यांत बसला होता, याची आम्हांपैकीं एकालाहि वार्ता नव्हती.

बुधवारीं संध्याकाळीं माझी अकरा वर्षांची मुलगी गणित विचारावयास आजोबांच्या खोलींत गेली आणि लगेच परत आली. 'आजोबांच्या फोनमधला माणूस मला बाहेर जा म्हणाला,' असें तिनें काकूंना सांगितलें. काकू हातांतली भाजी तशीच टाकून उठल्या. पाण्याच्या तांब्याला टेंकून उभा ठेवलेला फोन त्यांनीं उचलला आणि त्यांतल्या माणसाला एवढेंच विचारलें, 'हें माझें घर आहे. माझ्या नातीला बाहेर जा म्हणणारे तुम्ही कोण?' मग फोन बंद करून त्या काकांना म्हणाल्या, 'अहो, आतां मला सांगा.'

लागलीच १९३० या क्रमांकावर तक्रार केली. दोन हप्त्यांत अठरा लाख रुपये गेले होते. त्यांतली थोडीशी रक्कम वाटेंत गोठविली गेली; बाकीची गेली ती गेली.

त्या रात्रीं घरांत जें बोलणें झालें, तें लिहितांना मला लाज वाटते. 'इतके शिकलेले तुम्ही, आणि असे कसे फसलांत?' हें वाक्य आम्हीं प्रत्येकानें एकदां तरी उच्चारलें. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, 'पैशांचें दुःख आहेच. पण तीन दिवस मी तुम्हां सगळ्यांशीं खोटें बोललों, हें मला अधिक लागलें आहे.' नंतर केव्हां तरी, मीं फार खोदून विचारल्यावर, त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशीं दुपारीं मला हांक मारावी असें त्यांच्या मनांत आलें होतें. पण आदल्याच आठवड्यांत फोनवरचा एक संदेश खरा कीं खोटा हें त्यांनीं मला दोनदां विचारलें होतें, आणि दुसऱ्या वेळीं मी हंसलों होतों. तें हंसें मला आठवतहि नव्हतें. त्यांना आठवत होतें.

म्हणून 'इतके शिकलेले' या प्रश्नाचें उत्तर मीं पुढें शांतपणें शोधूं लागलों. शिक्षणाचा येथें फारसा संबंध नाहीं, असें मला दिसून आलें. आपल्या पुण्याचेंच एक उदाहरण घ्यावें. कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालीं या शहरांत स्थापन झाली. तिचीं पासबुकें आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं असतील. २०१८ च्या ऑगस्टमध्यें, ११ आणि १३ या तारखांना, चोरट्यांनीं तिच्याकडून ९४ कोटींहून अधिक रुपये लांबविले. बनावट कार्डांच्या साह्यानें २८ देशांतील यंत्रांतून अवघ्या कांहीं तासांत पैसे काढले गेले. शिवाय सुमारें १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत वळविण्यांत आले. ही चोरी तिजोरी फोडून झाली नाहीं. एरवीं एखाद्यानें यंत्रांतून पैसे मागितले म्हणजे ती मागणी बँकेच्या मूळ हिशेबयंत्राकडे जाते, आणि खात्यांत शिल्लक पाहून तें होकार देतें. चोरट्यांनीं या दोहोंच्या मध्यें एक खोटें यंत्र घुसविलें. प्रत्येक मागणीला तेंच परस्पर 'होय' म्हणूं लागलें. मूळ हिशेबाला कोणी विचारलेंच नाहीं. पुढें २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणांत अकरा जणांना शिक्षा दिली.

काकांच्या बाबतींत याहून निराळें काय घडलें? त्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या मध्यें एक खोटा अधिकारी येऊन बसला. शंका मनांत आली कीं तिचें उत्तर तोच देई. ज्यांच्याकडे खरा हिशेब होता त्या आम्हांला कोणी विचारलेंच नाहीं. म्हणून या सर्व नव्या चोऱ्यांचें मर्म मला एका गोष्टींत दिसतें: माणसाला त्याच्या घरापासून तोडणें. पैसे काढून घेणें हें त्यानंतरचें काम आहे, आणि तें सोपें आहे.

आतां दुसरा प्रश्न. त्या लोकांना इतकी माहिती मिळाली कोठून? आम्ही एका रविवारीं सर्वजण बसून आठवूं लागलों. आधारच्या छायाप्रती आम्हीं मंगल कार्यालयांत दिल्या होत्या, मोबाईलच्या दुकानांत दिल्या होत्या, यात्रेची तिकिटें काढणाऱ्याला दिल्या होत्या. चुलतभावाच्या परदेशगमनाचें वृत्त छायाचित्रासह आम्हींच सर्वांना दिसेल असें फेसबुकवर घातलें होतें. निवृत्तिवेतनाच्या कागदाचें चित्र काकांनीं एका दोनशे माणसांच्या व्हॉट्सॲप गटांत शंकानिरसनासाठीं टाकलें होतें. यांपैकीं नेमकें कोठून गळलें हें सांगतां येत नाहीं. परंतु चोराला कष्ट फारसे पडले नसतील, हें मात्र उघड आहे.

आमच्या आजोबांच्या वाड्यांत पाहुण्याच्या ओळखीप्रमाणें त्याची पायरी ठरलेली असे. अनोळखी माणूस अंगणांत उभा राही, ओळखीचा ओसरीवर बसे, नात्यांतला माजघरांत येई. कोणाचा अपमान करावा हा त्यांत हेतु नव्हता. आंतल्या माणसांना मोकळेपणीं वावरतां यावें, एवढाच होता. आज आम्हीं ती शिस्त नेमकी उलटी केली आहे. परक्यांपासून जें राखावयाचें तें परक्यांच्या हातीं देतों, आणि घरच्यांना जें सांगावयाचें तें घरच्यांपासून लपवितों. खासगीपणा म्हणजे लपवालपवी नव्हे. आपली गोष्ट कोणाला सांगावयाची हें आपण ठरविणें, हा खासगीपणा. आणि कोणाच्या तरी धाकानें ती आपल्याच माणसांपासून दडविणें, ही कैद. हे दोन शब्द आम्ही एकाच अर्थानें वापरतों, आणि चोर त्याचा लाभ घेतो.

पण माहिती गळली एवढ्यानेंच काका घाबरले नाहींत. 'सरकारला सर्व कांहीं दिसतें. तें केव्हांहि, कसेंहि घरांत येऊं शकतें,' ही भावना त्यांच्या मनांत आधींच होती, आणि तुमच्या-आमच्या मनांतहि ती थोडीबहुत आहे. पुण्याला या भावनेचा अनुभव जुना आहे. १८९७ च्या प्लेगांत रँड साहेबाच्या हुकुमतीखालीं गोरे शिपाई घरोघर तपासणीस शिरत. माजघर आणि देवघर यांचाहि विधिनिषेध राहिला नव्हता. रोग थोपविणें आवश्यक होतें, हें कोणी नाकारीत नव्हतें; परंतु जी पद्धति वापरली गेली तिनें लोकांचीं मनें पोळलीं. त्या वर्षीं विलायतेंत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें शिपायांच्या वर्तनाविषयीं तक्रार केली. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां पत्रें लिहिणारांचीं नांवें उघड न करतां गोखल्यांनीं जाहीर माफी मागितली आणि तो कमीपणा स्वतःवर घेतला. घराची अब्रू गेल्याचें दुःख माणूस बोलून दाखवीत नाहीं, तें गिळतो. काकांचे ते तीन दिवस मला या संदर्भांत आठवतात.

परंतु १८९७ आणि आज यांत एक मोठा फरक आहे. त्या वेळीं दारांतल्या शिपायाला विचारण्याचा अधिकार आमच्या आजोबा-पणजोबांना नव्हता. आज तो आपल्याला आहे. उत्तर प्रदेशांतील खडकसिंग नांवाच्या इसमाच्या घरीं पोलिस रात्रीं-अपरात्रीं दार वाजवीत. सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं ती वहिवाट बेकायदा ठरविली. १९९६ सालीं त्याच न्यायालयानें टेलिफोन चोरून ऐकण्यावर बंधनें घातलीं: गृहखात्याच्या सचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी आज्ञा हवी, ती ठराविक मुदतीपुरतीच असावी, आणि तिची तपासणी एका समितीनें करावी. पुढें के. एस. पुट्टस्वामी नांवाचे कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ति, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, २०१२ सालीं, आधारच्या प्रश्नावर न्यायालयांत गेले. त्या खटल्यांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. आमच्या काकांच्या आजच्या वयाहून अधिक वय असलेल्या गृहस्थानें तुमच्या-आमच्यासाठीं हा हक्क मिळविला, ही गोष्ट घरांतल्या मुलांना अवश्य सांगावी.

हक्क कागदावर आला म्हणजे काळजी मिटली, असें मात्र नव्हे. राजकीय पुढाऱ्यांचे फोन भलत्याच नांवांखालीं ऐकले गेल्याच्या आरोपावरून २०२२ सालीं पुण्यांतच गुन्हा नोंदला गेला. २०२३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो रद्द केला. पेगासस नांवाच्या हेरगिरीच्या साधनाविषयीं सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या समितीनें २९ फोन तपासले. त्यांपैकीं पांचांत कांहीं घातक आज्ञावली आढळली, पण ती पेगाससच आहे असें निश्चित म्हणतां आलें नाहीं, आणि सरकारनें सहकार्य केलें नाहीं असें २०२२ सालीं न्यायालयांत सांगण्यांत आलें. २०२५ च्या अखेरीस 'संचार साथी' हें सरकारी ॲप प्रत्येक नव्या मोबाईलमध्यें आधींच घालून विकावें, अशी आज्ञा केंद्र सरकारनें काढली. चोरीचे व बनावट फोन ओळखतां यावेत हा हेतु सांगितला गेला. परंतु आपल्या खिशांतल्या यंत्रांत सरकारचें सक्तीचें ठाणें नको, असा गलका झाला, आणि ३ डिसेंबरला ती सक्ति मागें घेण्यांत आली. लोकांनीं विचारलें म्हणून ती मागें घेतली गेली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत निघाले. दुकानदार, बँका, शाळा यांनीं आपली माहिती कशासाठीं घेतली हें सांगावें आणि ती जपावी, असें बंधन तो टप्प्याटप्प्यानें घालीत आहे. मात्र सरकारी खात्यांना त्यांत बऱ्याच सवलती आहेत. तेव्हां जागरूक राहण्याचें काम शेवटीं नागरिकालाच करावें लागणार.

या सर्वांचा घरसंसाराशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध अगदीं निकटचा आहे. खऱ्या सरकारच्या अधिकाराला सीमा आहेत हें ज्याला ठाऊक आहे, त्याला खोटें सरकार भिववूं शकत नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत अटकेची रीत दिली आहे. अटक करणाऱ्या अधिकाऱ्यानें आपलें नांव स्पष्ट दिसेल असें धारण करावें. अटकेचा लेख तयार करावा. त्यावर कुटुंबांतील एका माणसाची किंवा त्या वस्तींतल्या प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष असावी. आणि ती घरच्यांची नसेल तर आपल्या नातलगाला वा मित्राला कळविण्याचा हक्क अटक झालेल्या माणसाला आहे, हें त्याला सांगावें. वाचकांनीं हें पुन्हां एकदां वाचावें. खरा कायदा घरच्या माणसाला साक्षीला बोलावतो. खोटा अधिकारी घरच्या माणसाला दूर ठेवतो. 'कोणाला सांगूं नका' हे शब्द ऐकूं आले कीं तेथेंच ओळखावें, हा सरकारी माणूस नव्हे. फोनवरून किंवा व्हिडिओवरून अटक करण्याची तरतूद आपल्या देशाच्या कोणत्याहि कायद्यांत नाहीं. हरियानांतील अंबाला येथल्या एका वृद्ध दांपत्यानें अशाच फसवणुकीविषयीं लिहिलेल्या पत्राची दखल सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं आपण होऊन घेतली, आणि अशा गुन्ह्यांचा देशभर तपास करण्याचें काम केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोंपविलें.

आमच्या घरांत आतां कांहीं नियम झाले आहेत. ते फार मोठे नाहींत. आधारची प्रत देणें भागच असेल तर पहिले आठ आंकडे झांकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची खूण यांना कुलूप लावण्याची सोयहि तेथेंच आहे, तें लावून ठेवावें. ओटीपी कोणालाहि सांगूं नये, बँकेच्या माणसालाहि नाहीं. मुलांचीं छायाचित्रें शाळेच्या नांवासह चव्हाट्यावर मांडूं नयेत. पोलिस, न्यायालय, बँक, वीजमंडळ, कोणाच्याहि नांवानें धाक घालणारा फोन आला तर 'घरच्यांना विचारून सांगतों' एवढें म्हणून तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लाजत बसूं नये. त्याच घटकेला १९३० वर कळवावें, कारण पहिल्या कांहीं तासांत कळविलें तरच रक्कम वाटेंत अडविण्याची आशा असते.

आणि शेवटचा नियम आम्हां तरुणांसाठीं आहे. घरांतल्या कोणीहि, कितीहि वेळां, फोनविषयीं कांहीं विचारलें तरी हंसावयाचें नाहीं. हा नियम काकूंनीं घातला, आणि घालतांना त्यांनीं माझ्याकडे पाहिलें.

आतां रात्रीं जेवणें झालीं कीं काका चष्मा लावून दिवसभरांत आलेले संशयास्पद संदेश मोठ्यानें वाचून दाखवितात. माझी मुलगी त्यांच्या शेजारीं बसून प्रत्येक संदेशाला प्रमाण मागते, जसें ते आम्हांला मागत असत. परवां मला स्वतःला एक संदेश आला. वीज आजच रात्रीं तोडली जाईल, अमुक ठिकाणीं पैसे भरा. क्षणभर मीहि गोंधळलों. तेव्हां मीं तो काकांपुढें नेला. त्यांनीं तो सावकाश वाचला, मला दोन प्रश्न विचारले, आणि खोटा आहे असें सांगून पुसून टाकावयास लाविला. ते हंसले नाहींत.